अर्ध्या अर्ध्या तासाचं लंडन

आधीच सांगते, मी सायकलपटू वगैरे अजिबात नाही. वय 54, राहणार सांगली, मागच्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात, गावातून विश्रामबागला विलिंग्डनला रोज जायचे तेव्हा. मग लूना आली, मग स्कूटी, आणि सायकल गेली माळ्यावर. तर अशा बाईनं 2024 च्या जूनमध्ये लंडनमध्ये सहा-सात दिवस सायकल चालवली आणि धडधाकट परत आली, म्हणून हे लिहितेय. जायच्या आधी मी बरंच शोधलं होतं, पण जे मिळालं ते सगळं घट्ट कपडे घालून दिवसाला शंभर किलोमीटर मारणाऱ्या पोरांचं. पंजाबी ड्रेसवाल्या बाईनं काय करायचं ते कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

व्हिसाचं थोडक्यात सांगते कारण त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा, तेव्हा फी 115 पौंड होती म्हणजे बारा हजाराच्या आसपास. एप्रिलमध्ये ऑनलाइन फॉर्म भरला, पुण्याला जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो दिले, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनचा कागद, भाचीचं निमंत्रणपत्र आणि तिच्या घराचा भाडेकरार जोडला. सतराव्या दिवशी पासपोर्ट परत आला. त्या सतरा दिवसांत मी रोज दोनदा ईमेल बघत होते आणि आमचे हे रोज दोनदा विचारत होते, "आला का?" त्यांना स्वतःला यायचं नव्हतं, थंडी सोसत नाही म्हणे, जूनमध्ये.

1 जूनला शनिवारी पोचले. भाची राहते पूर्व लंडनमध्ये, माइल एंडला. पहिले दोन दिवस तिनं मला ट्यूबनं फिरवलं, आणि खरं सांगायचं तर मला काही कळलंच नाही. जमिनीखाली शिरायचं, अर्धा तास अंधारात गडगडत जायचं आणि उंदरासारखं दुसऱ्या बिळातून वर यायचं, मग समोर ते फोटोतलं काहीतरी असतं, फोटो काढायचा, परत बिळात. एक ठिकाण दुसऱ्यापासून किती लांब आहे, मधे काय आहे, चढ आहे की उतार, काही पत्ता नाही. सोमवारी भाची ऑफिसला जाताना म्हणाली, "मावशी, दिवसभर घरात बसणार आहेस का? खाली लाल सायकली लावल्यात बघ, घे की एखादी."

मी हसण्यावारी नेलं. पण दुपारी दूध आणायला गेले तेव्हा त्या सायकलींपाशी जाऊन दहा मिनिटं नुसती उभी राहिले.

ही लंडनच्या सरकारी वाहतूक संस्थेची भाड्याची सायकल योजना. 30 जुलै 2010 ला सुरू झाली, तेव्हा एका बँकेचं नाव होतं, 2015 पासून सँटँडेर बँकेचं आहे, पण जुने लोक अजून तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांच्यावरून बोरिस बाईकच म्हणतात. साधारण 12,000 सायकली आणि 800 च्या आसपास स्टँड. डॉकिंग स्टेशन म्हणतात पण मी आपलं स्टँडच म्हणते. एका स्टँडवरून घ्यायची आणि कुठल्याही दुसऱ्या स्टँडला लावून टाकायची, सांभाळत बसायची गरज नाही, कुलूप लागत नाही. 2024 मध्ये एका फेरीला 1.65 पौंड आणि दिवसाचा पास 3 पौंड. पास म्हणजे 24 तासांत हव्या तितक्या फेऱ्या, पण प्रत्येक फेरी 30 मिनिटांच्या आत संपवायची. संपली नाही तर पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला तेव्हा आणखी 1.65. हे नीट वाचा, कारण या अर्ध्या तासाभोवतीच सगळं फिरतं. आणि सायकल हरवली तर 300 पौंड. हा आकडा वाचून माझ्या पोटात गोळा आला होता.

4 जून, मंगळवार. आमच्याकडं लोकसभेची मतमोजणी, हे टीव्हीसमोरून हलत नव्हते, फोन केला तर "नंतर बोलतो, सांगलीत अपक्ष पुढं आहे" म्हणून ठेवून दिला. मी इकडं ॲपमध्ये कार्ड घालायला बसले. आणि इथंच पहिली माशी शिंकली, कार्ड घातलं की ओटीपी येणार माझ्या भारतातल्या नंबरवर, रोमिंगचा पॅक मारलेला, पण ओटीपी काही येईना. चार वेळा केलं. पाचव्यांदा कार्डच ब्लॉक झालं. कस्टमर केअरला चाळीस मिनिटं, त्यातली पस्तीस मिनिटं सनई ऐकण्यात. मी स्वतः बँकेत तीस वर्षं काढली त्यामुळं पलीकडच्या पोरीवर ओरडवलं पण नाही. शेवटी फॉरेक्स कार्ड घातलं, त्याचा ओटीपी ईमेलवर येतो, ते एका झटक्यात झालं. तर जाण्याआधी घरूनच बघून घ्या की तुमच्या कार्डाचा ओटीपी ईमेलवर येतो का, नसेल तर बँकेत जाऊन तशी सोय करून घ्या. ॲप नको असेल तर तेव्हा बऱ्याच स्टँडवर एक मशीन होतं, त्यात कार्ड घालून पण काम व्हायचं.

मग फोनवर पाच आकड्यांचा कोड आला. स्टँडच्या खांबावर फक्त 1, 2, 3 अशी तीनच बटणं, त्यावर तो कोड दाबायचा, हिरवा दिवा लागला की सायकल मागं ओढायची. मी ओढली, हलेना. पुन्हा कोड, पुन्हा ओढली. शेजारून एक आजोबा चालले होते त्यांनी खुणेनं सांगितलं की सीट धरून उचल आणि मग ओढ, तशी निघाली, आणि निघाल्यावर माझ्या अंगावरच आली. ही सायकल तेवीस किलोची आहे! आपल्या जुन्या दूधवाल्याच्या सायकलीसारखी, भरभक्कम. पण तीच तिची चांगली बाजू पण आहे, एकदा चालायला लागली की डुगडुगत नाही. तीन गिअर, दिवे आपोआप लागतात, चेन पूर्ण झाकलेली त्यामुळं सलवार अडकायची भीती नाही, पुढं बॅग ठेवायला जागा आणि तिला आवळायला पट्टा. सीटच्या दांड्यावर आकडे कोरलेले असतात. मी पहिल्या दिवशी खालीवर करून करून बघितलं आणि माझा आकडा निघाला दोन. मग रोज नवीन सायकल घेतली तरी पाच सेकंदात सीट दोनवर आणायची की काम झालं, हा एक आकडा लक्षात ठेवा, फार वेळ वाचतो. ओढणी मात्र घरी ठेवा.

रस्त्यावर जायची हिंमत नव्हती म्हणून हातात धरून ढकलत व्हिक्टोरिया पार्कला नेली. 1845 ला उघडलेलं पार्क आहे, पूर्वेकडच्या गरीब वस्तीतल्या लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून केलेलं, मोठाले वृक्ष, रुंद डांबरी वाटा आणि सायकलला परवानगी. तिथं एका बाकाशेजारी उभी राहिले, आजूबाजूला कुणी बघत नाही ना बघितलं (कुणी बघत नसतं, हे तिथलं एक बरं आहे), आणि पाय टाकला. पहिले चार-पाच पायडल हँडल नुसतं नागमोडी. लहानपणी वडिलांच्या सायकलवर कैची मारून शिकलेय मी, दांड्याखालून पाय घालून, ते सगळं एकदम पायातच आठवलं, डोक्यात काही नव्हतं. पार्कला दोन चकरा मारल्या. घामाघूम झाले आणि उगाच हसत होते. घड्याळ बघितलं तर सव्वीस मिनिटं झाली होती, धावतपळत स्टँडला लावली.

संध्याकाळी यांचा फोन. पहिलं वाक्य, "पडलीस का?" दुसरं, "अपक्षच आला."

बुधवारी सगळं अंग दुखत होतं. गुरुवारी, 6 तारखेला, रस्त्यावर. माइल एंडवरून शहराकडं सरळ जो मोठा रस्ता जातो त्याच्या कडेनं सायकलींची वेगळी पट्टी आहे, सी टू नाव, गाड्यांच्या आणि तुमच्या मधे दगडी कठडा. पूर्वी म्हणे नुसता निळा रंग फासला होता आणि बसेस, ट्रक त्यावरूनच जायचे, माणसं गेली, मग 2016 च्या सुमारास हे कठडे घातले. त्यात आणखी एक म्हणजे तिकडं गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, त्यामुळं युरोपात जाऊन गोंधळ होतो तसा होत नाही. सिग्नलला सायकलसाठी वेगळा छोटा दिवा, आपल्या डोळ्याच्या उंचीला, त्यात सायकलचं चित्र, आणि तो गाड्यांच्या आधी हिरवा होतो. पहिल्यांदा तो हिरवा झाला आणि बाजूला दुमजली बस, ट्रक, टॅक्सी सगळे थांबलेत आणि मी एकटी बाई पुढं निघालेय, काय वाटलं ते सांगता येत नाही मला. आमच्या विश्रामबाग चौकात मी हिरव्या सिग्नलला पण बिचकत निघते.

पण एका गोष्टीनं मला फसवलं. बस स्टॉप आला की ही सायकलची पट्टी स्टॉपच्या मागून वळसा घालून जाते, म्हणजे फुटपाथ आणि स्टॉप यांच्या मधून. बसमधून उतरलेला माणूस थेट तुमच्या चाकाखाली. व्हाइटचॅपलपाशी एक बाई बाबागाडी घेऊन उतरली, मी ब्रेक दाबला पण अगदी हातभर अंतरावर थांबले. ती रागानं बोलली काहीतरी, बरोबरच होतं तिचं, तिथं लहानसे झेब्राचे पट्टे होते आणि मी बघितलेच नव्हते. तेव्हापासून बस स्टॉप दिसला की पायडल बंद, हात ब्रेकवर. आणि सकाळी साडेनऊच्या आत या रस्त्याला जाऊ नका, ऑफिसला जाणारी पोरंपोरी सुसाट असतात, तुम्ही मधे आलात तर काही म्हणत नाहीत पण मागून असा एक उसासा टाकतात की शिवी परवडली. मी दहा ते चार हीच वेळ ठेवली.

टॉवर हिलला पोचायला मला अठ्ठावीस मिनिटं लागली. तरुण माणूस अर्ध्या वेळात जाईल. घाईघाईत सायकल स्टँडच्या खाचेत सारली, आणि इतक्या वेळेत पोचले या आनंदात तशीच चालत सुटले टॉवर ब्रिजकडं. 1894 चा पूल, निळा-पांढरा, बघत बसले, धपाटे आणले होते ते खाल्ले, एक कबुतर उगाच भोवती घोटाळत होतं त्याला तुकडा दिला. मग पुढच्या फेरीसाठी ॲप उघडलं तर त्यात घड्याळ चालूच! 1 तास 19 मिनिटं. म्हणजे माझ्या नावावर सायकल अजून फिरतेय. तीनशे पौंड. बत्तीस हजार रुपये. मी त्या वयात आणि त्या गुडघ्यानं जेवढं पळता येईल तेवढं पळाले.

सायकल तिथंच होती. बिचारी. खाचेत नुसती टेकून उभी, कुणीही येऊन घेऊन गेलं असतं. चूक सगळी माझी, चाक आत घालताना जोर लावला नव्हता. हँडल धरून दणकन आत ढकललं तेव्हा खट् आवाज आला आणि हिरवा दिवा लागला. 1 तास 24 मिनिटं, जादाचे 3.30 पौंड, म्हणजे साडेतीनशे रुपये. स्वस्तात सुटले. त्यामुळं सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच, सायकल लावताना चाक जोरात आत हाणायचं आणि हिरवा दिवा डोळ्यांनी बघितल्याशिवाय हँडलवरचा हात काढायचा नाही. दिवा लागला नाही तर दुसऱ्या खाचेत लावायची. आणि स्टँड भरलेला असेल तर तेव्हा मशीनवर तसं दाबलं की जवळचा दुसरा स्टँड शोधायला पंधरा मिनिटं जादा मिळायची, फुकट.

हात थरथरत होते तरी पुढं गेलेच, कारण परत घरी जाण्यासाठी पण सायकलच होती. टॉवरपासून नदीकाठानं सी थ्री नावाची पट्टी वेस्टमिन्स्टरपर्यंत जाते. आधी एक बोगदा लागतो, त्यात गाड्यांचा आवाज इतका घुमतो की मी गणपतीचं नाव घेत होते, आणि मग एकदम उजेड, डावीकडं थेम्स. हा व्हिक्टोरिया एम्बँकमेंटचा रस्ता. 1860 च्या दशकात नदीत भराव टाकून केलाय आणि त्याच्या पोटातून शहराचं मोठं गटार जातं, त्याआधी सगळी घाण सरळ नदीत जायची आणि कॉलऱ्यानं माणसं मरायची. मी गटारावरून सायकल चालवत होते म्हणजे. भरती-ओहोटीनं पाणी दिवसातून दोनदा वर-खाली होतं, ओहोटीला काठावर चिखल आणि दगड उघडे पडतात. सांगलीची माणसं आम्ही, नदी दिसली की पहिल्यांदा मनात येतं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट आहे. 2019 ला 57 फुटांवर गेलं होतं तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत गुडघ्याच्या वर पाणी होतं. मी कठड्याला टेकून बराच वेळ ते पाणी बघत बसले, इतकं मोठं शहर इतकं नदीला खेटून, आणि घड्याळाकडं लक्ष नव्हतं, पण यावेळी सायकल आधी स्टँडला लावून, हिरवा दिवा बघून बसले होते.

इथं मला त्या अर्ध्या तासाची गंमत कळली. आधी वाटत होतं कटकट आहे, सारखं घड्याळ. पण त्यामुळं होतं काय की दर वीस-पंचवीस मिनिटांनी तुम्हाला उतरावंच लागतं, आणि उतरता तिथं काहीतरी असतंच. मी मुद्दाम थांबले नसते अशा ठिकाणी थांबले. एका गल्लीत उतरले तर जुन्या चर्चच्या मागं बाग, बाकावर ऑफिसातली माणसं डबा खात बसलेली. ट्यूबनं दोन दिवसांत जे कळलं नव्हतं ते कळायला लागलं, की टॉवरपासून सेंट पॉलचं चर्च म्हणजे आपली दोन मैलांची पण रपेट नाही, आणि शहर नदीपासून उत्तरेला हळूहळू चढत जातं. हे चढणं पायाला कळतं, नकाशात दिसत नाही.

आणखी एक, पास 24 तासांचा असतो, तारखेचा नाही. गुरुवारी अकराला घेतलेला मी शुक्रवारी सकाळी पावणेअकरापर्यंत वापरला. बँकेची सवय.

मग पाऊस आणि गारठा, तीन-चार दिवस गेले. 11 जूनला कालव्याकाठानं. रीजंट्स कॅनॉल माइल एंडवरूनच जातो, 1820 ला पूर्ण झालेला, घोडे काठावरून चालत आणि दोरानं बोटी ओढत. त्या घोड्यांच्या वाटेवर आता माणसं चालतात आणि सायकली जातात. गाड्या नाहीत म्हणून मला वाटलं सोपं असेल, तर उलटंच, वाट अरुंद, एका बाजूला भिंत दुसऱ्या बाजूला पाणी आणि कठडा नाही. पुलाखाली तर वाकून, समोरून कोण येतंय दिसत नाही, घंटी वाजवत हळू जायचं. चालणाऱ्याचा पहिला मान. पण काय सुंदर आहे! लांबुळक्या बोटी ज्यात लोक राहतात, छतावर कोथिंबिरीच्या कुंड्या, सायकल, लाकडाचा ढीग. एका ठिकाणी लॉक बघितलं, म्हणजे पाण्याची पायरी. बोट आत आली, मागचं लाकडी दार बंद केलं, आणि एक माझ्याच वयाची बाई उतरून किल्लीसारखा लोखंडी दांडा फिरवायला लागली, पुढच्या दारातून पाणी आत येतंय आणि बोट हळूहळू पुरुषभर वर उचलली जातेय, एक थेंब वीज नाही. दार उघडताना तिनं त्या आडव्या तुळईला पाठ लावली आणि पाय रोवून रेटलं, मला म्हणाली ये, म्हणून मी पण पाठ लावली. ते दार पहिल्यांदा अजिबात हलत नाही आणि मग एकदम हलतं.

त्यात वेळ गेला. कालव्यावरून स्टँड दिसत नाहीत, सगळे वर रस्त्याला असतात, हे मला माहीत नव्हतं. चौतीस मिनिटं झाली, 1.65 गेले. तुम्ही गेलात तर वीस मिनिटं झाली की पुढच्या पुलाला वर चढा. पुढं इस्लिंग्टनला कालवा बोगद्यात शिरतो आणि काठाची वाट संपते, तिथं वर येऊन टेकाडावरून पलीकडं उतरावं लागतं, घोडे पण तसेच वरून न्यायचे. मी तिथं सायकल सोडली आणि चालत गेले.

13 जून मात्र ज्यासाठी मी मनात ठेवलं होतं तो दिवस. कालव्याच्या पश्चिम टोकाला लिटल व्हेनिस आहे, तिथून दोन मिनिटांवर हाउली प्लेस नावाची शांत गल्ली. 10 नंबरच्या घरावर निळी गोल पाटी, लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये इथं राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर बदनामीचा खटला भरला होता त्यासाठी आले होते, खटला हरले, खर्चात बुडाले. गल्लीत कुणी नव्हतं. एका घरासमोर माळी कात्रीनं कुंपण कापत होता, तो आवाज तेवढा. पाटी इंग्रजीत, घर कुणाचं तरी खाजगी, आत जायचं नाही, बेल दाबायची नाही, रस्त्यावरून बघायचं. सायकल धरूनच उभी होते. तिथून सायकलनं प्रिमरोज हिल, मला पंचवीस मिनिटं लागली, प्राणिसंग्रहालयाच्या बाजूनं रस्ता आहे. टेकडीच्या जवळ स्टँडला सायकल लावून चालत किंग हेन्रीज रोड. इथं बाबासाहेब 1921-22 मध्ये राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या वकिलीच्या संस्थेतला अभ्यास चालू असताना. घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं घेतलं आणि आता स्मारक आहे, आत जाता येतं, तिकीट नाही. या घराचा नंबर पण 10. दोन दहा नंबर, मधे दोन-तीन किलोमीटर आणि दोन-तीन वर्षं.

आत वहीत नाव लिहायचं असतं. माझ्या आधीच्या पानावर परभणी, नागपूर, बर्मिंगहॅम, अकोला. एक काका त्यांच्या नातवाला घेऊन आले होते, चप्पल बाहेर काढून ठेवलेली, तिथं तशी काढायची सक्ती काही दिसली नाही मला. मी पण काढली. काका मला म्हणाले, "तुम्ही कशानं आलात?" सायकलनं म्हटल्यावर त्यांनी हेल्मेटकडं बघितलं आणि नातवाला म्हणाले, "बघ, आजी सायकलनं आली." आजी ऐकून जरा लागलं, पण असो.

सावरकर राहिले ते इंडिया हाउस हायगेटला, 65 क्रॉमवेल ॲव्हेन्यू. तिकडं स्टँडच नाहीत आणि चढ असा की बघूनच दम लागावा. केंटिश टाउनहून 134 नंबरची बस धरली, 1.75 पौंड, तासाभरात दुसरी बस घेतली तर त्यातच. सगळं सायकलनंच करायचं असा हट्ट धरू नका.

दुसऱ्या दिवशी क्लार्कनवेलला रोझबेरी ॲव्हेन्यूवर फिन्सबरी टाउन हॉल बघितला, दादाभाई नौरोजींची पाटी आहे तिथं. 1892 ला या भागातून पार्लमेंटवर निवडून आले, फक्त 5 मतांनी. जवळच नौरोजी स्ट्रीट पण आहे, छोटासाच रस्ता. यांना फोटो पाठवला, उत्तर आलं, "पाच मतं? रिकाउंट नाही मागितलं?"

शेवटची फेरी 16 तारखेला रविवारी भाचीबरोबर, आयल ऑफ डॉग्जच्या टोकापर्यंत. तिथं सायकली लावल्या कारण पलीकडं ग्रिनिचला या योजनेचे स्टँड नाहीत, आणि 1902 च्या पायी बोगद्यातून नदीच्या खालून चालत गेलो. गोल घुमटाची इमारत, आत जिना, आणि खाली पांढऱ्या फरशांची लांबच लांब नळी, पाचेक मिनिटं चालायला लागतात. स्वतःची सायकल असेल तर हातात धरून न्यायची, चालवायची नाही अशी पाटी असते, आणि पाटीसमोरून पोरं चालवत जात होती. हे बघून मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

हिशोब: सहा पासचे 18 पौंड, दंडाचे 4.95, एकूण 22.95. तेव्हाच्या 106 च्या भावानं साधारण 2,430 रुपये. ट्यूबला मधल्या दोन झोनमध्ये तेव्हा दिवसाला कमाल 8.50 पौंड कापायचे, तेवढ्यात जवळजवळ तीन दिवसांचे सायकल पास. हेल्मेटची सक्ती नाही पण मी भाचीचं घातलं. लाल सिग्नल तोडला किंवा फुटपाथवर चालवली तर 50 पौंड दंड आहे, तोडणारे तोडतात, तुम्ही नका तोडू, पाहुणे आहात. पडले एकदाच, तेही उभ्याउभ्या, सिग्नलला पाय टेकवताना, कोपर खरचटलं. हे यांना सांगितलेलं नाही.

22 जूनला परत निघाले. घरी आल्यावर आठवड्यानं माळ्यावरची सायकल खाली काढायला लावली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. दुकानदार पोरगा चाक फिरवून बघत म्हणाला, "काकू, दोन्ही टायर-ट्यूब गेल्यात, रिम गंजलीया, ब्रेकचे गट्टू नाहीतच. बाराशे होतील बघा." म्हटलं कर. पाना हातात घेऊन त्यानं विचारलं, "सीट किती घेऊ?"

"दोन नंबरवर," मी म्हणाले.

त्यानं सीटच्या दांड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.